तांबडाच राहिलेला सोडियम दिवा

श्रोतेहो, कमी दाबाचा सोडियम दिवा, म्हणजे सोडियमच्या विरळ वाफेतून पिवळा प्रकाश देणारा दिवा, तडकला किंवा बिघडला, तर तो लावून पाहावा का, असे जुने दिवे जपणारे लोक नेहमी विचारतात. त्यांना माझे सांगणे असे की, दिव्याच्या दोन काचांपैकी, म्हणजे आतली नळी आणि बाहेरचे आवरण यांपैकी, कोणती गेली आहे हे आधी ओळखावे आणि मगच स्विचला हात लावावा.

आतल्या यू आकाराच्या नळीत सोडियम, निऑन आणि जेमतेम एक टक्का आरगॉन असतो. दिवा लावताच निऑनचा तांबडा प्रकाश दिसतो; त्या उष्णतेने सोडियमची वाफ होऊ लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत नळी सुमारे २६० अंश सेल्सिअसला पोहोचली की ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश पूर्ण भरात येतो. एवढी उष्णता टिकते ती बाहेरच्या निर्वात काचेमुळे आणि तिच्या आतल्या बाजूच्या, उष्णता परत फिरवणाऱ्या इंडियम ऑक्साइडच्या लेपामुळे. सुरुवातीच्या काळातल्या दिव्यांवर तर थर्मासच्या बाटलीसारखे दुहेरी भिंतीचे सुटे निर्वात वेष्टन चढवत असत.

म्हणूनच बाहेरच्या काचेला गेलेली केसासारखी चीर किरकोळ मानता येत नाही. आत हवा शिरली की काचेवरचा गेटरचा, म्हणजे आत उरलेली हवा शोषून घेणाऱ्या धातूच्या लेपाचा, चंदेरी आरसा पांढरा, दुधी होतो, आणि ही खूण दिवा न लावताच दिसते. असा दिवा पेटतो खरा, पण हवा उष्णता ओढून नेत असल्याने तो तासन्‌तास तांबडाच राहतो. क्वचित एखाद्या ठिकाणी पिवळसर झाक येते, तेवढीच. प्रात्यक्षिक म्हणून थोडा वेळ, समोर उभे राहून, तो दाखवायला माझी हरकत नाही, कारण दिव्याचे सारे गणित उष्णतेवर कसे बेतलेले आहे हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके आकृतीतून होत नाही. मात्र बाहेरची काच फुटून नळी उघडी पडली असेल, तर हा प्रयोग करू नये. मोठ्या दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर पेटण्यापूर्वी ४०० व्होल्टच्या वर विद्युतदाब देतात आणि आतल्या तारा हाताच्या टप्प्यात आलेल्या असतात. नळीभोवती काही गुंडाळून तिला ‘पिवळी करण्याचा’ खटाटोपही मला मान्य नाही. एकाच जागी ताप वाढून शाबूत नळीही तडकू शकते.

नळी एका टोकाला तांबडी आणि दुसरीकडे पिवळी दिसत असेल, तर बहुधा काच गेलेली नसून सोडियम एका बाजूला सरकलेले असते. नळीवरचे छोटे खळगे त्याचे थेंब जागच्या जागी धरण्यासाठीच असतात. सोडियम ९८ अंशांना वितळते, त्यामुळे गरम दिवा हलवू वा तिरपा करू नये.

आतली नळीच तडकली असेल, तर चालवण्याचा प्रश्न उरत नाही. निऑन निघून गेलेला असतो, दिवा पेटत नाही, ट्रान्सफॉर्मर मात्र विद्युतदाब देतच राहतो. उघड्या सोडियमला दमट हवेत पांढरा थर चढतो, आणि पाणी लागले तर हायड्रोजन सुटून आग लागू शकते. असा दिवा कोरड्या डब्यात, ओल्या कचऱ्यापासून दूर ठेवावा आणि अशा दिव्यांची विल्हेवाट लावणाऱ्यांच्या हवाली करताना आत सोडियम आहे हे डब्यावर ठळक लिहावे.