रस्ता मोकळा असताना लागणारा ब्रेक

(दृश्य : पूर्व द्रुतगती महामार्ग, गाडीच्या काचेतून.)

मुलुंडचा आनंदनगर नाका ओलांडला की पूर्व द्रुतगती महामार्ग ठाण्यात शिरतो आणि तीन हात नाका, नितीन कंपनी, कॅडबरी, माजिवडा असे उड्डाणपूल एकामागून एक मागे पडत जातात. या रस्त्याने जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी कित्येकींच्या पुढच्या काचेच्या आतल्या बाजूस एक कॅमेरा आणि बंपरमध्ये किंवा जाळीमागे एक रडार बसवलेले असते. ही दोन उपकरणे मिळून समोरचा रस्ता वाचतात, पुढच्या गाडीपासूनचे अंतर राखतात आणि टक्कर होणार असे दिसले तर चालकाचा पाय पोहोचण्याआधी ब्रेक लावतात. आपल्याकडे ही सोय साधारण २०२० नंतर मध्यम किमतीच्या गाड्यांपर्यंत पोहोचू लागली, आणि शोरूममध्ये तसेच गाडीमालकांच्या बोलण्यात तिला सरसकट ‘ॲडास’ म्हटले जाते.

समोर काहीही नसताना, चालकाच्या मनात वेग कमी करण्याचा विचारही नसताना, हीच गाडी कधी कधी अचानक मंदावते. आतील माणसे पुढे झुकतात, मागच्याचा हॉर्न वाजतो आणि दोन-तीन सेकंदांत सगळे पूर्ववत होते. पुष्कळ जण त्यानंतर ती सोय कायमची बंद करून टाकतात. ही मंदगती यंत्राची लहर नसते. तिच्यामागे शोधता येतील अशी कारणे असतात आणि ती कारणे आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या रस्त्यांवर जागोजागी उभी आहेत.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण बहुतेक तक्रारींत त्यांची सरमिसळ झालेली आढळते. पहिली म्हणजे ऑटोमॅटिक इमर्जन्सी ब्रेकिंग, अर्थात आपत्कालीन स्वयंचलित ब्रेक. हा ब्रेक गाडी सुरू असेपर्यंत पहाऱ्यावर असतो आणि लागला की जोरात लागतो. दुसरी म्हणजे ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, जो चालकाने स्वतः वेग ठरवून चालू केल्यावरच काम करतो आणि पुढच्या वाहनाच्या चालीनुसार वेग कमी-जास्त करतो. पहिल्याचा झटका थरकाप उडवतो, दुसऱ्याची मंदगती कोड्यात टाकते. दोघांची कारणे काही अंशी सारखी असली तरी उपाय सारखे नाहीत.

(दृश्य : सायन-पनवेल महामार्ग, कंटेनरांची रांग.)

धोका किती, हे साध्या हिशेबाने कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. तिने एक सेकंदभर मध्यम जोराने ब्रेक लावला, तरी तिचा वेग ताशी साधारण १८ किलोमीटरने घटतो. मागच्या चालकाला पुढे कोणताच अडथळा दिसत नसतो, त्यामुळे लाल दिवा पाहूनही त्याचा पाय हलायला नेहमीपेक्षा उशीर होण्याची शक्यता असते. तो मोटारीत असेल तर निभावून जाईल. पण जेएनपीए बंदराकडे ये-जा करणारे लादलेले कंटेनर कळंबोलीपासून या रस्त्यांवर सतत असतात, आणि एवढ्या वजनाचा ट्रेलर मोटारीइतक्या अंतरात थांबूच शकत नाही. मोकळ्या रस्त्यावर लागलेल्या ब्रेकची किंमत म्हणून अनेकदा मागून येणाऱ्याला मोजावी लागते, हे या प्रश्नाचे सर्वांत गंभीर अंग आहे.

आता रडारकडे वळू. मोटारीतील दूरवर पाहणारे रडार ७७ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी सोडते. परतलेल्या लहरींवरून समोरची वस्तू किती दूर आहे आणि किती वेगाने जवळ येते आहे, हे ते फार अचूक सांगते. अंधार किंवा धुके यांचाही त्याला विशेष त्रास होत नाही. मात्र ती वस्तू जमिनीपासून किती उंच आहे, हे सांगण्यात साधी रडारे कच्ची असतात. रस्त्यात बंद पडलेला टेम्पो आणि रस्त्याच्या साडेपाच मीटर वरून गेलेली दिशादर्शक फलकांची लोखंडी कमान, या दोहोंचा प्रतिध्वनी रडारला जवळजवळ सारखाच भासतो, कारण दोन्ही वस्तू धातूच्या आहेत, दोन्ही स्थिर आहेत आणि दोन्ही गाडीच्या स्वतःच्या वेगानेच जवळ येत आहेत. त्यातच रस्ता आधी चढून पुढे उतरणारा असेल, तर दूरची कमान खरोखरच गाडीच्या नाकासमोर येते. गाडी जवळ जाते, कमान वर सरकते आणि संशय मिटतो; पण तोवर ब्रेक लागलेला असू शकतो.

मग रडारने स्थिर वस्तूंकडे दुर्लक्षच का करू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. तसे करून पाहिलेले आहे. बराच काळ अनेक प्रणाल्या जास्त वेगात स्थिर प्रतिध्वनी गाळून टाकत असत, आणि त्याचे परिणामही दिसले. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे महामार्गावर उभ्या असलेल्या अग्निशमन गाडीवर ऑटोपायलट ही चालक-साहाय्य प्रणाली चालू असलेली टेस्ला कंपनीची एक मोटार जाऊन आदळली. तिच्या पुढची गाडी बाजूच्या लेनमध्ये गेली, समोर उभे वाहन उरले, आणि टेस्लाने वेग कमी करण्याऐवजी वाढवला. गाळणी सैल केली की खोटे ब्रेक लागतात आणि घट्ट केली की खरे अडथळे निसटतात. या दोहोंमधली रेघ कोठे ओढायची, हा निर्णय प्रत्येक कंपनीचे अभियंते घेतात आणि गाडी घेणाऱ्याला तो कधीच सांगितला जात नाही. तो सांगितला जायला हवा, असे आम्हांला ठामपणे वाटते.

(दृश्य : घोडबंदर रस्ता, मेट्रोचे खांब, गर्डर, पत्र्याचे अडथळे.)

घोडबंदर रस्त्यावर ही अडचण अनेक रूपांनी समोर येते. वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ च्या मार्गाचे खांब आणि गर्डर कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ असे रस्त्याच्या सोबतीने चालतात. काम चालू असलेल्या अशा कोणत्याही रस्त्यावर लेन अचानक वळवली जाते, पत्र्याचे अडथळे अगदी लेनला खेटून येतात आणि खोदलेल्या चरांवर जाड लोखंडी प्लेटा टाकलेल्या असतात. रस्त्यावर सपाट पडलेली प्लेट रडारला जोरदार प्रतिध्वनी देते, ही गोष्ट इतकी परिचित आहे की अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमात तिची स्वतंत्र चाचणी ठेवली आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी लोखंडी प्लेटवरून न्यायची, तसेच दोन उभ्या गाड्यांच्या मधून काढायची, आणि या दोन्ही वेळी प्रणालीने गुरुत्वीय त्वरणाच्या पाव पटीहून अधिक जोराने ब्रेक लावता कामा नये, अशी ती अट आहे. ब्रेक लागलाच पाहिजे, याबरोबर तो कधी लागता कामा नये हेही मोजले जाणे, ही आमच्या मते या नियमातील सर्वांत समंजस गोष्ट आहे.

कॅमेऱ्याच्या मर्यादा याहून वेगळ्या आहेत. त्याला वस्तू ओळखता येते, पण प्रकाश लागतो. ऐरोलीहून मुलुंडकडे किंवा वाशीहून मानखुर्दकडे खाडी ओलांडताना तोंड पश्चिमेला असते, आणि मावळतीचे ऊन थेट काचेवर येते. पुलाखालची गडद सावली, ओल्या डांबरावर उमटलेले दिव्यांचे प्रतिबिंब, पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेला पाण्याचा पडदा, या सर्वांतून कॅमेऱ्याला आकार शोधावे लागतात. टेस्लाने मे २०२१ पासून उत्तर अमेरिकेतील मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या गाड्यांतून रडार काढून केवळ कॅमेऱ्यांवर भिस्त ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील प्रशासनाने याच दोन मॉडेलांच्या सुमारे ४ लाख १६ हजार गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली, कारण महामार्गावर अकारण ब्रेक लागल्याच्या ३५४ तक्रारी जमा झाल्या होत्या. त्याच महिन्यात होंडाच्या ॲकॉर्ड आणि सीआर-व्ही या मॉडेलांच्या सुमारे १७ लाख गाड्यांविषयीही चौकशी सुरू झाली, तीही अशाच तक्रारींवरून. हा दोष कोणा एका कंपनीचा किंवा एका तंत्राचा नाही, हे यावरून स्पष्ट होते.

(दृश्य : मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, घाटातील वळण.)

क्रूझ कंट्रोलच्या मंदगतीत वळणांचा मोठा वाटा असतो. आपली गाडी पुढे कोठून जाणार आहे, याचा अंदाज प्रणाली स्टिअरिंगच्या कोनावरून, गाडीच्या वळण्याच्या गतीवरून आणि लेनच्या पट्ट्यांवरून बांधते. वळण सुरू होण्याच्या क्षणी गाडी अजून सरळ असते, त्यामुळे बाजूच्या लेनमधील संथ ट्रक तिच्या नेमका समोर आल्यासारखा दिसतो आणि वेग कमी केला जातो. खंडाळ्याच्या घाटात किंवा गायमुखच्या वळणांवर हे घडणे तर्काला धरूनच आहे. पट्टे पुसट असतील, किंवा जुने पट्टे न खरवडता नवे मारले असतील, तर अंदाज आणखी चुकतो.

वेगमर्यादा वाचणाऱ्या प्रणालीची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. काही गाड्या फलक वाचून किंवा नकाशातील नोंद पाहून ठरवलेला वेग आपणहून खाली आणतात. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानाला उड्डाणपूल कोणता आणि त्याखालचा रस्ता कोणता, हे नेहमी कळत नाही; महामार्ग आणि त्याला लागून असलेला सर्व्हिस रोड यांचीही तीच गत. अटल सेतूवर मुख्य मार्गाची मर्यादा ताशी १०० किलोमीटर आणि चढ-उताराच्या मार्गिकांची ४० आहे. शिवाजीनगरच्या उतरणीसाठी लावलेला फलक मुख्य मार्गावरच्या गाडीने आपला मानला, तर काय होईल, हे सांगायला नको.

यापेक्षा आपल्या रस्त्यांचा खरा प्रश्न आहे तो मधल्या अंतराचा. ताशी ८० किलोमीटर वेगाला दोन सेकंदांचे अंतर राखायचे, तर पुढे सुमारे ४५ मीटर जागा मोकळी हवी. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एवढी जागा दिसली की दुचाकी, रिक्षा किंवा टॅक्सी कट मारून तेथे शिरतेच. प्रणाली नियमाप्रमाणे मागे सरते आणि पुन्हा अंतर तयार करते. त्यात आणखी कोणी शिरते. प्रत्येक वेळी थोडा ब्रेक लागतो आणि तो मागच्या रांगेत वाढत जातो. अमेरिकेत संशोधकांनी २०१८ सालच्या सात मॉडेलांचे क्रूझ कंट्रोल तपासले, तेव्हा पुढच्या गाडीची लहानशी मंदगती मागे पोहोचताना मोठी होते, असेच सातही मॉडेलांत आढळले. म्हणून गर्दीच्या वेळी शहरातील रस्त्यांवर ही सोय चालू ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. जेथे मध्ये शिरणारी वाहने कमी, अशा समृद्धी महामार्गाच्या आमणे येथून सुरू होणाऱ्या प्रवेशनियंत्रित रस्त्यासारख्या ठिकाणीच तिचा खरा उपयोग आहे.

(दृश्य : गॅरेज, बंपर उतरवलेली गाडी.)

काही कारणे घरचीच असतात. पावसाळ्यात जाळीवर बसलेला चिखल रडारला आंधळे करतो. मग क्रूझ कंट्रोल आपणहून बंद पडतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय नसल्यामुळे गाडी मंदावते. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच्या पुनरुत्पादक ब्रेकमुळे, म्हणजे वेग कमी करताना वीज परत बॅटरीत भरणाऱ्या ब्रेकमुळे, हीच मंदगती अधिक जाणवते. लहानसा ठोकर बसून बंपर बदलला, किंवा पुढची काच नवी बसवली, तर रडार आणि कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांचा नेम जुळवण्याचे काम, पुन्हा करावे लागते. रडारची दिशा एका अंशाने जरी सरकली, तरी १०० मीटरवर तिचा नेम पावणेदोन मीटरने चुकतो, म्हणजे निम्म्या लेनइतका. बाहेरच्या गॅरेजमध्ये स्वस्तात काम करून घेणाऱ्याने हे काम झाले का, हे विचारून त्याची लेखी नोंद घ्यावी. जाळीसमोर बसवलेले लोखंडी गार्ड तर काढूनच टाकावे. ते नियमबाह्य आहे आणि रडारच्या वाटेतही येते.

एवढे सगळे ऐकून आपत्कालीन ब्रेक बंद करावासा वाटेल, पण तसे करू नये. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेच्या अभ्यासानुसार इशारा आणि स्वयंचलित ब्रेक असलेल्या गाड्यांकडून पुढच्या वाहनाला मागून बसणाऱ्या धडका निम्म्याने कमी झाल्या. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशात चालकाची नजर हटलेल्या क्षणी लागणारा ब्रेक मोडीत काढणे आपल्याला परवडणार नाही. अनेक गाड्यांत टकरीचा इशारा लवकर, मध्यम किंवा उशिरा द्यावा, अशी निवड असते. ती आधी बदलून पाहावी. अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर ठामपणे दाबला की चुकीचा ब्रेक सुटतो, आणि आपल्या गाडीत तो कसा सुटतो हे पुस्तिकेत वाचून ठेवणे प्रत्येक चालकाचे काम आहे. क्रूझ कंट्रोल चालू असताना कमानीखाली किंवा पुलाखाली शिरताना पाय ॲक्सिलरेटरवर अलगद तयार ठेवावा आणि आरशात मागचे वाहन किती जवळ आहे, हे पाहावे.

आणि तक्रार लेखी करावी. १ एप्रिल २०२१ पासून आपल्या देशात गाड्या सक्तीने परत बोलावण्याचे नियम लागू आहेत, आणि गाडीमालकांच्या तक्रारी ठरावीक संख्येला पोहोचल्या की केंद्र सरकार कंपनीवर कारवाई करू शकते. अमेरिकेतील वर सांगितलेल्या चौकश्या प्रयोगशाळेत जन्मल्या नव्हत्या. सामान्य चालकांनी भरलेल्या अर्जांतून त्या उभ्या राहिल्या. सर्व्हिस सेंटरमध्ये तोंडी सांगितलेली आणि जॉब कार्डावर न उतरलेली तक्रार मात्र कोणत्याही मोजणीत येत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिशेला, किती वाजता, किती वेगात, ऊन होते की पाऊस, क्रूझ चालू होता की नाही आणि पडद्यावर कोणता इशारा उमटला, एवढे लिहिले तर तंत्रज्ञाला कारण शोधता येते. डॅशकॅम असेल तर त्याची चित्रफीत त्याच दिवशी वेगळी साठवावी, कारण मेमरी कार्ड भरले की नवे चित्रण जुन्यावर चढते.