चरकातले बोट: फ्रेंच गुन्हेमालिका आणि त्यांची इंग्रजी नावे

दोन दातेरी चाके एकमेकांत अडकून फिरत आहेत. एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत बसतो आणि एक चाक फिरले की दुसऱ्याला फिरावेच लागते. या रचनेला फ्रेंच भाषेत 'आंग्रनाज' म्हणतात. डिसेंबर २००५ मध्ये कनाल प्लुस या फ्रेंच वाहिनीवर याच नावाची, अनेकवचनी नावाची, एक मालिका सुरू झाली. पॅरिसमधील पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील आणि न्यायाधीश यांची ही गोष्ट आठ पर्वे आणि ८६ भाग चालून २०२० मध्ये संपली. बीबीसी फोरने २००६ मध्ये ती ब्रिटिश प्रेक्षकांना दाखवली तेव्हा तिचे नाव झाले होते 'स्पायरल', म्हणजे मळसूत्री वळण.

हे नाव वाईट नाही. ते छोटे आहे, लक्षात राहते आणि खाली खाली जाणाऱ्या घसरणीची सूचनाही देते. तरी त्यात एक गोष्ट हरवली आहे. मळसूत्री वाटेने माणूस एकटाही घसरू शकतो. दातेरी चाक मात्र एकट्याने फिरत नाही. कॅप्टन लॉर बेर्तोने घाईत एक नियम मोडला की त्याचा दाता वकील जोसेफीन कार्लसनच्या हाती लागतो, तिच्या डावपेचांचा दाता न्यायाधीश रोबाँ यांच्या टेबलावरील फाइलीत अडकतो, आणि मग थांबावेसे वाटले तरी कोणालाच थांबता येत नाही. फ्रेंच माणसाच्या बोलण्यातही 'आंग्रनाजमध्ये बोट घालणे' असा वाक्प्रचार आहे: आधी बोट जाते, मग हात, मग सगळा माणूस.

इंग्रजी उपशीर्षके वाचत ही मालिका पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाला इथे एक शब्द आपसूक आठवावा, आणि तो म्हणजे चरक. रसवंतीच्या दारात घुंगरू बांधलेला चरक फिरत असतो, ऊस आत सारणाऱ्या माणसाची बोटे रुळांपासून चार अंगुळे अलीकडे थांबतात आणि पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो. चरकात सापडलेला माणूस पिळूनच बाहेर पडतो, हे मराठीला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 'आंग्रनाज'चे मराठी नाव ठेवायचे झाले तर आमची पसंती 'चरक' या नावालाच राहील.

फ्रान्समध्ये अशा कथांना बोलीभाषेत 'पोलार' म्हणतात. त्या पाहण्याचा आनंद खुनी कोण हे ओळखण्यात आहेच. पण फ्रेंच नाव, त्याचे इंग्रजी रूप आणि आपल्या मनात उमटणारा मराठी शब्द हे तिन्ही शेजारी मांडून पाहिले की आणखी एक तपास सुरू होतो. अनुवादकाने काय उचलले, काय मागे ठेवले आणि कोणाच्या दबावाखाली, असा हा तपास असतो.

'झोन ब्लांश' हे त्यातले सर्वांत गमतीदार प्रकरण म्हणावे लागेल. २०१७ मध्ये फ्रान्स २ वाहिनीवर आलेली ही मालिका दाट जंगलाने वेढलेल्या विल्फ्रांश नावाच्या काल्पनिक गावात घडते. तिच्या नावाचा शब्दशः अर्थ आहे 'पांढरा विभाग', आणि नेटफ्लिक्सवर तिचे इंग्रजी नाव आहे 'ब्लॅक स्पॉट'. पांढऱ्याचे सरळ काळे झाले! यात चूक मात्र काहीच नाही. जिथे मोबाइलला रेंज मिळत नाही त्या भागाला फ्रेंचमध्ये 'झोन ब्लांश' म्हणतात, कारण तो जणू नकाशावर कोरा राहिलेला कागद असतो. इंग्रजीत अशाच जागेला काळा ठिपका म्हणण्याची रीत आहे. अनुवादकाने रंग सोडला आणि अर्थ धरला, शिवाय अपघातप्रवण जागेचा अर्थही त्याच्या पदरात फुकट पडला. सह्याद्रीच्या घाटात फोन उंच धरून उभ्या राहिलेल्या माणसाकडे यासाठी कोणताच रंग नाही, तो फक्त 'इथे रेंज नाही' एवढेच म्हणतो. 'नॉट रीचेबल' हे नाव मराठीत चालले असते; परंतु आपल्या बातम्यांनी तो शब्द पक्षांतराच्या वेळी गायब होणाऱ्या आमदारांना इतका बहाल केला आहे की जंगलातले गूढ बाजूला पडून प्रेक्षकाला हसूच यायचे.

काही नावांवर भाषेपेक्षा बाजाराचा हात अधिक दिसतो. 'प्रोफिलाज' हे गुन्हेगाराच्या मनाचा आराखडा बांधण्याच्या कामाचे नाव. इंग्रजीत ते 'द पॅरिस मर्डर्स' या नावानेही विकले गेले. 'आस्त्रिद ए राफाएल' म्हणजे 'आस्त्रिद आणि राफाएल'; ब्रिटनमध्ये त्याचे 'आस्त्रिद: मर्डर इन पॅरिस' झाले. हा बदल आम्हांला खटकतो. अभिलेखागारात काम करणारी स्वमग्न आस्त्रिद आणि धसमुसळी पोलीस अधिकारी राफाएल यांची हळूहळू जुळत जाणारी मैत्री हाच या मालिकेचा प्राण आहे, आणि तो नावातल्या 'आणि' या शब्दात होता. तो 'आणि' काढून त्या जागी शहर बसवण्यात आले. कुठल्याही भाजीत तिखट वाढवून पाटीवर 'कोल्हापुरी' लिहावे, तसे हे 'पॅरिस' आहे. 'ग्लासे', म्हणजे नुसते 'गोठलेले', याला 'द फ्रोझन डेड' करताना तर प्रेताची हमीही आधीच देऊन टाकली.

व्याकरणात दडलेल्या नावांपुढे मात्र इंग्रजीचा खरोखरच नाइलाज होतो. १९९३ मध्ये सुरू झालेल्या एका लोकप्रिय मालिकेचे नाव होते 'ल ज्यूज ए उन फाम', अर्थात 'न्यायाधीश एक स्त्री आहे'. इथला न्यायाधीश म्हणजे फ्रान्समधील 'तपासी न्यायाधीश': तो गंभीर गुन्ह्याच्या तपासाची सूत्रे हाती घेतो, साक्षीदारांना आपल्या दालनात बोलावतो, आणि ज्या प्रकरणाचा तपास केला त्याचा निकाल मात्र स्वतः देऊ शकत नाही. वाक्यातले 'ल' हे पुल्लिंगी उपपद आहे, त्यामुळे पुरुषी थाटात सुरू झालेले वाक्य शेवटच्या शब्दावर वळते आणि ऐकणारा चपापतो. इंग्रजीत उपपदाला लिंगच नसल्याने हे वळण सपाट होऊन जाते. मराठीत 'न्यायाधीश' हा शब्द पुल्लिंगी असला तरी 'न्यायाधीश आल्या' एवढ्या दोन शब्दांत क्रियापद तोच झटका देते.

आणि आता 'दिस्पार्यू', म्हणजे 'नाहीशी झालेली'. ही मालिका २०१५ मध्ये फ्रान्स २ वर आली. लिओं शहरात संगीतोत्सवाच्या रात्री वाढदिवस साजरा करायला बाहेर पडलेली सतरा वर्षांची लेआ घरी परतत नाही, आणि तिचे आईवडील, भावंडे, पोलीस असे सगळे त्या एका रात्रीभोवती आठ भाग फिरत राहतात. बीबीसी फोरने तिला 'द डिसअपिअरन्स' म्हटले. फ्रेंच नाव ज्या अक्षराने संपते त्याकडे पडद्यावर नीट पाहा. शेवटचे रोमन 'ई' (e) अक्षर उच्चारले जात नाही. हरवलेला मुलगा असो वा मुलगी, कानाला शब्द एकच ऐकू येतो. ती मुलगी आहे हे केवळ डोळ्यांना कळते, आणि तेही त्या एका मुक्या अक्षरावरून. इंग्रजी नावात घटना उरली, पण मुलगी नाहीशी झाली. पोलीस ठाण्यातील नोंदीचा आपला 'बेपत्ता' हा शब्दही तसाच, कोणालाही लागू पडणारा. परंतु घरातली माणसे 'बेपत्ता' म्हणणार नाहीत. ती म्हणतील 'हरवलेली', आणि फ्रेंचमध्ये जे अक्षर मुके होते, ते इथे शेवटच्या दीर्घ 'ली'मध्ये स्पष्ट ऐकू येईल.