बॅग मुलापेक्षा मोठी

[रात्र. बस थांबते. दार उघडतं, आतली वाफ बाहेर येते.]

ही बस आली तेव्हा बाहेर उणे अठरा होतं आणि कॅमेऱ्याची बॅटरी दहा मिनिटांत मान टाकत होती, त्यामुळे शॉट जरा हलतोय, सांभाळून घ्या. पण बघा, आधी मुलगा दिसतच नाही, आधी बॅग दिसते. मग ती ओढत, घसरत, कानटोपी डोळ्यांवर आलेला तो पोरगा. वय अकरा-बारा. प्राग ते कॅनडातलं क्वेबेक सिटी असा प्रवास करून आलाय आणि आता पुढचे आठ-दहा दिवस अशा घरात राहणार आहे जिथल्या माणसांचं नावसुद्धा त्याला नीट उच्चारता येत नाही.

क्वेबेकची आंतरराष्ट्रीय पी-वी हॉकी स्पर्धा, हॉकी म्हणजे इथे बर्फावरची, आइस हॉकी. पी-वी म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलांचा गट, आता कॅनडात त्याला अधिकृतपणे अंडर १३ म्हणतात पण बोलताना सगळे पी-वीच म्हणतात. १९६० पासून दर फेब्रुवारीत. सव्वाशेच्या आसपास टीम, दोन हजारांवर मुलं, कॅनडा अमेरिकेतून तर येतातच, पण युरोपातून आणि आशियातूनही येतात.

[घराचं दार. पिवळा दिवा. बाई हात हलवते.]

आता हे घर. बाहेरगावच्या बऱ्याचशा टीमची मुलं इथे हॉटेलात उतरत नाहीत, गावातल्या घरांमध्ये उतरतात. दोन-दोनची जोडी करायची आणि एकेका घरी सोडायची. आईवडील आले असतील तर ते हॉटेलात, पोरं मात्र परक्याच्या घरी. ऐकून पहिल्यांदा मला विचित्रच वाटलं, आपण आपलं पोरगं असं सोडू का? मग आठवलं की वारीत काय होतं, वाटेवरच्या गावांत ओसरीवर, पडवीत, सापडेल तिथे माणसं उतरतात आणि घरधनी भाकरीचं बघतो, कोण कुठला विचारत बसत नाही. इथे ओसरी नाही, तळघर आहे. एवढाच फरक.

ह्या बाई साठीच्या पुढच्या. त्यांना फ्रेंच येतं, इंग्रजी थोडं थोडं, झेक अजिबात नाही. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवसापासून काकू म्हणायला लागलो आणि का कुणास ठाऊक, हाक मारली की त्या बरोबर वळून बघायच्या. त्यांच्या स्वतःच्या मुलानं लहानपणी ही स्पर्धा खेळलेली आहे, तेव्हापासून घरात दरवर्षी दोन-दोन पोरं येतात. भिंतीवर टीमचे फोटो आहेत, त्यातले जुने उन्हानं पिवळे पडलेत. एकदा मोजायला बसल्या तेव्हा त्यांनाच आकडा लागेना.

[तळघर. दोरीवर ग्लोव्ज, पॅड, मोजे.]

हा भाग मी एडिटमध्ये कापू दिला नाही. व्हिडिओत वास येत नाही हे तुमचं नशीब. हॉकीचे ग्लोव्ज एकदा घामानं भिजले की त्याला जो वास सुटतो ना, ओल्या कुत्र्यावर कुणी व्हिनेगर ओतलंय असं वाटतं, आणि सकाळी साडेसातला मॅच असेल तर हे सगळं रात्रीत वाळायला पाहिजे, नाहीतर पोराला ओल्या गारढोण ग्लोव्जमध्ये हात घालावा लागतो. म्हणून काकू रात्री अकराला खाली येतात, पंखा लावतात, हीटरपासून अंतर बघून एकेक वस्तू टांगतात, खांद्याचे पॅड उलटे, शिनगार्ड उभे, बुटाची पाती जुन्या टॉवेलनं पुसून घेतात कारण पाणी राहिलं की पातं गंजतं. मग सकाळी पाचला परत. ह्याचे पैसे कुणी देत नाही. कोच देत नाही, स्पर्धा देत नाही. टीव्हीवर जे दिसतं त्याच्या आधी हे असतं, रोज रात्री, कितीतरी घरांमध्ये, आणि मला तर खरी स्पर्धा हीच वाटते, तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

[सकाळ. दोन मुलं, पॅनकेक, बाटलीभर मेपल सिरप.]

हे बघा, किती ओततोय. काकूंनी एकदा "असे", फ्रेंचमध्ये "पुरे", म्हणून बघितलं. त्यानं ते "अजून" असं ऐकलं बहुतेक.

[स्टेडियमचा कॉरिडॉर. टॉवेलवर पिना.]

इथे गर्दी कसली आहे सांगतो. ही मॅचची रांग नाही. ही पिनांची. प्रत्येक टीम स्वतःची छोटी धातूची पिन बनवून आणते, मुलाकडे त्याचा ढीग असतो, आणि मग अदलाबदल. लहानपणी आपण काड्यापेटीचे छाप, क्रिकेटची कार्ड करायचो तसंच, दोन साध्या दे आणि एक चमकणारी घे. हा स्वित्झर्लंडचा पोरगा बघा, एकही शब्द बोलत नाही. बोट दाखवतो, डोकं हलवतो, खिशात हात घालतो, परत डोकं हलवतो. सौदा झाला. काकूंकडच्या दोघांपैकी धाकट्यानं आपला टॉवेल अशा पिनांनी भरून टाकला की तो आता टॉवेल राहिलाच नाही, उचलला की खणखणतो. मॅच हरल्यावर पाच मिनिटांत तो परत ह्याच कोपऱ्यात होता.

[झांबोनी मशीन. वरून शॉट. बर्फावर ओला चकचकीत पट्टा.]

हा शॉट आमच्याकडे अकरा मिनिटांचा आहे, मी त्यातला दीड मिनिट ठेवतोय, जास्त ठेवला असता. ह्या यंत्राला झांबोनी म्हणतात, फ्रँक झांबोनी नावाच्या माणसानं १९४९ मध्ये बनवलं, आणि तेही कुठे तर दक्षिण कॅलिफोर्नियात, उबदार हवेच्या गावात. त्याआधी फळ्या, फावडी, पाण्याचा पाइप आणि चार-पाच माणसं लागायची. बर्फाखाली काँक्रीट आहे, काँक्रीटमध्ये नळ्या, नळ्यांमधून अतिथंड द्रव फिरतो. त्यावर पांढरा रंग, रेषा, आणि वर जेमतेम इंच-सव्वा इंच बर्फ, इतकाच. मुलं तासभर घसरली की त्यावर ओरखडे आणि चुरा. यंत्र खालच्या पात्यानं वरचा पापुद्रा तासतं, चुरा पोटात घेतं, आणि मागून गरम पाणी सोडतं. हो, गरमच, साधारण साठ डिग्रीचं. गरम पाणी वरचा थर किंचित वितळवून ओरखड्यांमध्ये शिरतं आणि त्यात हवा कमी विरघळलेली असते म्हणून ते काचेसारखं गोठतं. पक, म्हणजे ज्यानं खेळतात ती रबरी चकती, तीसुद्धा खेळाआधी गोठवून ठेवतात, नाहीतर ते रबर चेंडूसारखं उसळतं.

यंत्र चालवणारे काका म्हणाले की पोरं पहिल्यांदा आत आली की बर्फाकडे बघत नाहीत, छताकडे बघतात. मग मी तेच शूट केलं.

[मुलं मान वर करून. १५ सेकंद, फक्त हॉलचा आवाज.]

व्हिडिओट्रॉन सेंटर. अठरा हजारांवर सीट. २०१५ मध्ये उघडलं. गंमत अशी की ह्या शहराची स्वतःची मोठी प्रोफेशनल टीम, नॉर्डिक्स, १९९५ मध्येच विकली गेली आणि कोलोरॅडोला निघून गेली, पुढच्याच वर्षी तिकडे जाऊन स्टॅनली कप, ह्या खेळातली सगळ्यात मोठी ट्रॉफी, जिंकली, इथल्या माणसाला ते अजून खुपतं. एवढं मोठं स्टेडियम बांधून ठेवलंय आणि एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल हॉकी लीगची, टीम काही परत आलेली नाही. फेब्रुवारीत मात्र ह्या पोरांना ते मिळतं.

[जुने फोटो. कोलिझे. काळंपांढरं.]

आता थोडा इतिहास, फोटो छान मिळालेत म्हणून. १९५५ पासून क्वेबेकमध्ये दर हिवाळ्यात मोठा कार्निव्हल भरायला लागला, लाल टोपीचा तो गुबगुबीत बर्फमाणूस आहे ना, बोनॉम, तो त्याचाच. शहर तसंही भरलेलं असायचं. जेरार बोल्डुक, पॉल ड्युमाँ आणि त्यांच्यासारख्या काही हौशी मंडळींनी म्हटलं की ह्याच दिवसांत लहान मुलांची हॉकी घेऊ. तेव्हा मॅच व्हायच्या कोलिझेमध्ये, १९४९ ची इमारत. गी लाफ्लर इथे खेळला, मारियो लेम्यू खेळला, गोलकीपर पॅट्रिक रुआ तर ह्याच गावचा, तिघंही पुढे हॉकीचे मोठे स्टार. पुढे एनएचएलला गेलेली हजारावर पोरं इथून गेली आहेत.

आणि १९७४. वेन ग्रेट्झकी, पुढे हॉकीतला सगळ्यात मोठा खेळाडू म्हणून गाजलेला, तेव्हा नुकताच तेरा वर्षांचा झालेला, ब्रॅन्टफर्ड गावाच्या टीममधून आला. पांढरे ग्लोव्ज घालायचा, म्हणून इथे त्याला पांढरं वादळ म्हणायला लागले. टेक्सासच्या टीमला त्यांनी २५-० नं हरवलं. सगळे ह्या पंचवीसवर थांबतात. मला त्या टेक्सासच्या गोलकीपरचं काय झालं असेल हा प्रश्न पडतो, तोही तेवढ्याच वयाचा असणार, तोही कुणाच्या तरी घरी रात्री जेवायला गेला असणार. आणि हो, ब्रॅन्टफर्ड शेवटी सेमीफायनलला हरली. वेन ग्रेट्झकीची टीम.

[मुलगी, गोलकीपरचा मास्क वर करते.]

ही आत्ताची आहे, जुना फोटो नाही. पण हिच्या आधी १९८४ मध्ये मानो रेओम नावाची जवळच्याच लाक-बोपोरची मुलगी इथे गोलकीपर म्हणून उतरली, ह्या स्पर्धेत खेळणारी पहिली मुलगी. आठ वर्षांनी, १९९२ मध्ये, ती टाम्पा बे टीमकडून एनएचएलची सीझनआधीची सराव मॅच खेळली. बाई आणि एनएचएलचा गोल, तेव्हा कुणी स्वप्नातही जोडलं नसतं. आज मी कॉरिडॉरमध्ये पोनीटेल मोजायला घेतल्या आणि मोजणं सोडून दिलं.

[धडक. मैदानाच्या कडेच्या बोर्डवर आवाज. मुलगा उठतो.]

हे चुकून झालं, मुद्दाम नाही, दोघं एकाच पकमागे. मुद्दाम अंगावर जाऊन धडक मारायला, बॉडीचेक म्हणतात त्याला, कॅनडात ह्या वयात २०१३ पासून बंदी आहे. त्याआधी अल्बर्टा प्रांतात चालायचं, क्वेबेक प्रांतात चालायचं नाही, म्हणून संशोधकांना दोन्हीकडची मुलं शेजारी शेजारी ठेवून बघता आली. दोन हजारांवर मुलं. २०१० मध्ये छापून आलं की धडक चालते तिथे दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त. तेव्हा केवढा आरडाओरडा झाला होता, पोरं मऊ होतील म्हणून. हे बघा, ही मऊ पोरं.

[मुलं बोर्डवरून उड्या मारत बदली होतात. वेगात.]

२०२१ ला कोविडमुळे स्पर्धा झालीच नाही. आणि २०२३ ला युक्रेनची टीम आली, युद्ध चालू असताना. तेव्हा आम्ही इथे नव्हतो त्यामुळे आमच्याकडे त्याचं फुटेज नाही, पण काकूंच्या फोनवर आहे, म्हणून हा उभा व्हिडिओ. रोमानियातून कागदपत्रं करून ती मुलं आली, पहिली मॅच बॉस्टनच्या टीमशी, आणि ३-१ नं जिंकली. स्टेडियम जवळजवळ भरलेलं. आवाज ऐका.

[फोनचा व्हिडिओ. २० सेकंद. निवेदन नाही.]

त्यातली काही मुलं नंतर शिकायला क्वेबेकलाच आली.

[ड्रेसिंग रूमचं दार. बंद.]

आमची टीम, म्हणजे काकूंची दोन पोरं ज्या टीमची, ती दुसऱ्या मॅचला १-२ नं हरली आणि मग बाहेर पडली. हे दार कोचनं उघडू दिलं नाही, बरोबरच केलं. त्यामुळे तुम्हाला बाहेर ठेवलेल्या स्टिकाच दिसतील. फायनल आम्ही शूट केली नाही, परतीची विमानं त्याआधीची होती, कप कुणी उचलला ते रेकॉर्डवर आहे, बघून घ्या. आणि एक, हे सगळं स्वस्त नाही. विमान, बूट, पॅड, वर्षभराचं रिंकचं भाडं, कित्येक घरांना हा खेळ परवडतच नाही, ती मुलं ह्या कॉरिडॉरमध्ये दिसणारच नाहीत.

[घसरगुंडी. किल्ल्यासारखं हॉटेल शातो फ्रोंतनाक मागे. संध्याकाळ.]

हरल्यावर कुठे आले तर इथे. १८८४ पासूनची घसरगुंडी आहे, लाकडी पाटावर बसायचं आणि सत्तर किलोमीटरच्या वेगानं खाली, बाजूला सेंट लॉरेन्स नदी, बर्फाचे तुकडे वाहणारी. थोरला म्हणाला फक्त एकदा. ही सातवी फेरी आहे. काकू खाली उभ्या, हातात दोघांच्या कानटोप्या, आणि बर्फावर ओतलेला मेपलचा पाक काडीवर गुंडाळून खातायत.

[बस. सकाळ. बॅगा चढतात.]

इथे मी लिहिलेलं निवेदन काढून टाकलं.

[३० सेकंद. मिठी. काचेवर हात. बस वळते.]

[तळघर. रिकामी दोरी.]

पंखा चालूच राहिला होता. कोपऱ्यात एक मोजा सापडला, डावा की उजवा कळत नाही, काकूंनी तो धुवायला टाकला. टपालानं पाठवणार म्हणाल्या. मग वर जाऊन चादरी बदलल्या, कारण परवा दुसरी जोडी येतेय, ह्या वेळी फिनलंडची, आणि फ्रिजवरच्या चिठ्ठीत लिहिलंय की त्यातला एक जण अंडी खात नाही.