नेसायचं, घालायचं, माळायचं

(दृश्य: लग्नघर, पहाट. पलंगावर हिरवी नऊवारी, चोळी, शेला, गजरा, मुंडावळ्या, कुंकवाचा करंडा.)

पलंगावर मांडलेल्या या सगळ्याला इंग्रजीत एकच क्रियापद पुरतं: ‘वेअर’. या घरात आज सकाळी सहा लागतील. चोळी घालायची, नऊवारी नेसायची, शेला पांघरायचा, गजरा माळायचा, मुंडावळ्या बांधायच्या, कुंकू लावायचं. सातवं क्रियापद काल संध्याकाळीच वापरून झालं, त्याकडे शेवटी येऊ.

(दृश्य: साडी उलगडते. मावशींचे हात, जवळून.)

नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. त्याला ना टाका, ना बटण, ना नाडी. साडी पाठीमागून घेऊन दोन्ही टोकं पुढं आणायची. एका बाजूला कापड कमी ठेवायचं, पदराच्या बाजूला भरपूर. वरच्या काठांची पोटावर घट्ट गाठ मारायची. पुढचा सगळा भार या गाठीवर आहे. रेशीम निसरडं, म्हणून आधी कमरेला सुती पट्टी आवळलेली बरी. ती विसरली, की मंगलाष्टकं संपेपर्यंत निऱ्या उतरू लागतात.

आता लांब बाजू पाठीमागून फिरवून उजव्या काखेखालून डाव्या खांद्यावर. हा पदर. मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या करून पुढं खोवायच्या. मग निऱ्यांचा खालचा काठ मधोमध उचलून दोन्ही पायांमधून मागं न्यायचा, चुणायचा आणि कमरेला खोवायचा. हा काष्टा. तो जास्त ताणला तर नवरीला पाटावर बसता येत नाही, सैल राहिला तर पायात येतो. म्हणून पक्का खोवण्याआधी तिला एकदा खाली बसवून बघायचं.

(दृश्य: शेजारच्या खोलीत नवरदेवाचा धाकटा भाऊ सदऱ्यात डोकं घालतो.)

सदऱ्याचं काम तीन सेकंदांत झालं. त्याला आकार शिंप्यानं आधीच दिलेला आहे, अंग त्यात शिरवलं की झालं. बोलताना मात्र आपण उलट बोलतो: ‘अंगात सदरा घाल’, ‘पायात चप्पल घाल’. खरं तर पाय चपलेत जातो! पण आत जाणं आलं, की ‘घालणे’ आलं. शेला अंगात नसतो, अंगावर असतो. तो पांघरायचा.

(दृश्य: पडद्यावर अक्षरं: नि + वस्.)

‘नेसणे’ आलं संस्कृतातल्या ‘नि’ आणि ‘वस्’ यांतून. वस्त्र, वसन यांतला हाच ‘वस्’. लॅटिनमधलं ‘वेस्टिस’, म्हणजे कपडा, याच मुळाचं. आणि इंग्रजी ‘वेअर’सुद्धा! जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या भाषांत मूळच्या ‘स’चा आधी ‘झ’ झाला, मग ‘र’, आणि जुन्या इंग्रजीत ‘वेरियन’ उरलं. म्हणजे ‘नेसणे’ आणि ‘वेअर’ ही दूरची भावंडं. त्यातल्या ‘वेअर’नं टोपी, अत्तर, दाढी, हसू, सगळं स्वतःकडे ओढलं, शिवाय वापरून झिजणंही. दुसरं कमरेपाशीच थांबलं: लुगडं, धोतर, सोवळं.

(दृश्य: नकाशा. महाराष्ट्रातून कर्नाटकात सरकणारी रेघ.)

कानडीचं घराणं वेगळं, द्राविडी. तरी तिथं साडी-धोतराला ‘उडु’, शिवलेल्या कपड्याला नि दागिन्याला ‘तोडु’, केसांतल्या फुलांना ‘मुडि’, पांघरण्याला ‘होदे’. पेहरावाला शब्दच आहे ‘उडुगे-तोडुगे’, नेसणं आणि घालणं शेजारी शेजारी. नात्यानं जवळची हिंदी मात्र साडीलाही ‘पहनना’ म्हणते.

(दृश्य: आलेख. माणसाची आकृती, एकेक अवयव उजळतो.)

जपानी अंगाचे भाग बघते. धडावर ‘किरु’, कमरेखाली ‘हाकु’, डोक्यावर ‘काबुरु’. चष्मा अडकवतात: ‘काकेरु’. शर्टला ‘हाकु’ लावलं तर तो पायात चढवल्यासारखं ऐकू येतं. कोरियन ‘स्सदा’ टोपीला चालतं, चष्म्याला चालतं आणि उघडलेल्या छत्रीलाही. चिनीत कपडे-बुटांना ‘छ्वान’, टोपी-अंगठी-घड्याळाला ‘ताय’. ‘छ्वान’चा जुना अर्थ आरपार जाणं, आपल्या ‘घालणे’चाच विचार. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींना, म्हणजे मराठी ज्यूंना, हिब्रूत कपड्यांना एक, टोपीला दुसरं, मोज्यांना तिसरं, चष्म्याला चौथं क्रियापद शिकावं लागलं. बुटांसाठीचं ‘नाअल’ कुलूप लावण्यासाठीही तेच.

(दृश्य: तयार झालेली नवरी आरशासमोर. मोबाइलवर अनुवादाची ओळ.)

यंत्राची चूक इथं पकडता येते. ‘वेअरिंग अ सारी’चं भाषांतर ‘साडी घालत आहे’ असं येतं. एक तर क्रियापद चुकलं, शिवाय काळही. मराठीत ‘नेसत आहे’ म्हणजे गाठ अजून बसायची आहे. आरशासमोरची नवरी साडी ‘नेसली आहे’.

तरुण बोलीत ‘साडी घातली’ आता सर्रास आहे, ‘माळणे’ आणि दागिने ‘लेणे’ मागं पडत चाललंय.

(दृश्य: दादरचं दुकान. हँगरवर शिवलेल्या नऊवाऱ्या.)

या नऊवाऱ्यांना काष्टा शिवलेला, निऱ्या शिवलेल्या, कमरेला नाडी. विजारीसारखे दोन पाय आत टाकायचे. हिला ‘घालायची’च म्हणायला हवं. क्रियापद कपड्याचं नाव विचारत नाही, हात काय करतात ते बघतं.

(दृश्य: आदल्या संध्याकाळचं. ओसरीवर कासार, समोर नवरीचा हात.)

आता सातवं. बांगड्या भरतात. कासार माप बघतो: दोन-चार, दोन-सहा. दोन-सहा म्हणजे 2 इंच आणि वर 6 सोळांश, आतला व्यास साधारण 60 मिलिमीटर. अंगठा तळव्यात दुमडायचा, हाताची हाडं दाबून जवळ आणायची, बांगडी फिरवत फिरवत सरकवायची. सरळ ढकलली तर काच अंगठ्याच्या सांध्यावर अडते आणि तडकते.

जपानीत चढवताना ‘किरु’, ‘हाकु’, ‘काबुरु’ अशी तीन, उतरवताना तिन्हींना ‘नुगु’ एकच. आपल्याकडे उतरवतानाही वेगळं: घातलेलं काढायचं, बांधलेलं सोडायचं, नेसलेलं लुगडं फेडायचं.

(दृश्य: ओसरीच्या फरशीवर हिरव्या काचेचे दोन तुकडे. मावशी ते पदरात उचलतात.)

आणि भरलेली बांगडी तडकली, तर ती फुटली म्हणत नाहीत. वाढवली म्हणतात.