धसका

(दृश्य : परळमधली चाळ. रात्रीचे साडेआठ. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, उघडी दारं, आतून टीव्हीचा निळा उजेड.)

आमच्या चाळीत मालिका बघायला स्वतःचा टीव्ही लागायचा नाही. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तरी एक संवाद चुकायचा नाही. फक्त एका खोलीतून आवाज मध्येच गायब व्हायचा. समोरच्या काकू. नायक तावातावानं बोलायला लागला की त्या रिमोट उचलून आवाज बारीक करायच्या. तो निवला की पुन्हा मोठा. आम्ही पोरी हसायचो.

2011 आणि 12 ची गोष्ट. स्टार प्लसवर ‘इस प्यार को क्या नाम दूँ?’ लागायची. श्रीमंत, तापट अर्णव आणि लखनऊची बडबडी खुशी. बरुण सोबतीचा फोटो माझ्या भूगोलाच्या वहीत होता, कव्हरच्या आत. अर्णवच्या रागाला कारण होतं. वडिलांचं बाहेरचं प्रकरण उघडकीला आलं आणि आईनं जीव दिला, हे त्यानं लहानपणी पाहिलेलं. हाच अर्णव पुढे गैरसमजातून खुशीला सहा महिन्यांच्या लग्नाला भाग पाडतो. ती तयार झाली नाही तर तिच्या बहिणीचं लग्न मोडेन, अशी धमकी देऊन. ते बघून आम्ही ‘किती रोमँटिक’ म्हणालो होतो. कबूल करते, म्हणालो होतो.

(दृश्य : गोरेगाव, चित्रनगरीचा रस्ता. जनरेटर व्हॅन, चहाची किटली, मेकअप रूमबाहेर थांबलेली मुलं.)

रोजच्या मालिकेला रोज धक्का लागतो. वीस-बावीस मिनिटं गोष्ट आणि शेवटी कुणाच्या तरी चेहऱ्यावर थांबलेला कॅमेरा. गुरुवारी टीआरपी येतो आणि त्यावर पुढची कथा वळते. ‘नायक समुपदेशकाकडे गेला आणि त्या रात्री त्याला बरी झोप लागली’, यावर भाग संपवता येत नाही. मग सोपा उपाय उरतो, फ्लॅशबॅक. नायकाचं रडवेलं बालपण दाखवलं की मोठेपणीचं सगळं माफ. मलमपट्टीचं काम नायिकेचं, तेही बिनपगारी. त्याला लागलेलं खोटं नसतं, खरंच लागलेलं असतं. पण जखम आहे म्हणून दुसऱ्याला ओरबाडायचा परवाना मिळत नाही, एवढं एक वाक्य त्या शेकडो भागांत कुणी ठणकावून म्हणायला हवं होतं.

मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता. मग आठवणं आणि शोक करणं. मग पुन्हा माणसांत येणं. आपल्या मालिका तिसऱ्यापासून सुरू होतात, थेट मंडपातून.

‘ट्रॉमा’ हा मुळात ग्रीक शब्द, अर्थ जखम. आपल्याकडे ‘धसका’ आहे. पण बोलताना आपण काय म्हणतो? ‘तिनं धसका घेतलाय.’ घेतलाय! जसं काही बाजारातून पिशवीत घालून आणला. कुणी दिला, हे त्या वाक्यात येतच नाही.

‘अबोला’चंही तसंच. मराठीत तो प्रेमाचा दागिनाच. मालिकेत दोघं पंधरा-पंधरा भाग अबोला धरतात, मागे बासरी वाजते. रुसवा गोड असतो, हे मलाही मान्य. पण रुसलेल्या माणसाची समजूत काढायला जाताना पाय जड होत नाहीत. ज्या घरात आपलं काय चुकलं हे आठ-आठ दिवस कळू दिलं जात नाही, तिथे बायको स्वयंपाकघरातून ताटाच्या आवाजावर नवऱ्याचा मूड ओळखायला शिकते. तो रुसवा नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीबरोबरच शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाच मानतो. थप्पड बसलीच पाहिजे असं नाही.

(दृश्य : वांद्रे, भाभा रुग्णालय. केसपेपरची रांग.)

इथे ‘दिलासा’ नावाचं केंद्र आहे. हात मोडून आलेल्या बाईला ‘कसं पडलात?’ याच्या पुढचा प्रश्न विचारायचा, यासाठी. त्याच्याही आधी, 1984 मध्ये, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं मुंबई पोलिसांसोबत महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. इतकी वर्षं हे सगळं याच शहरात आहे. आमच्या मजल्यावर मात्र कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मालिकेतल्या नायिकाही तिथे गेलेल्या मला आठवत नाहीत. त्या देवासमोर जातात.

नाही म्हणायला, 2013 ची ‘जुळून येती रेशीमगाठी’ होती. वडिलांच्या हट्टापायी लग्न केलेली मेघना, मनात दुसरंच कुणी. नवरा आदित्य आधी मित्र होतो आणि थांबतो. थांबणं दाखवूनही मालिका चालते, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. ‘आई कुठे काय करते’मध्ये अरुंधती पंचवीस वर्षांच्या संसारातून बाहेर पडते आणि पुढे चांगला माणूस समोर उभा असतानाही कचरते. ते कचरणं मला खरं वाटलं. तिथे काकू आठवल्या.

(दृश्य : त्याच जागी उभा राहिलेला टॉवर. चौदावा मजला. लांब कॉरिडॉर, बंद दारं.)

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात काकूंकडे गेले तेव्हा मालिका चालू होती आणि रिमोट अजून हातातच. विचारलं, तर म्हणाल्या, ‘अगं, तो ओरडला ना, की मला वाटतं आपलंच दार वाजलं.’

मग मला चाळ आठवली. काकांचा आवाज चढला की बाकीच्या खोल्यांतले टीव्ही मोठे व्हायचे. आमचासुद्धा.

आता इथे कुणाचंच काही ऐकू येत नाही. मी बसले, काकूंनी चहा टाकला. पडद्यावर नायक नायिकेचा दंड धरून काहीतरी बोलत होता. काकूंनी आवाज पार बंद केला.

‘कळतं का असं?’

‘तोंडावरून कळतं की. सवय आहे,’ त्या म्हणाल्या आणि बशीत बिस्किटं काढायला लागल्या.