मथळे खरे ठरले असते तर

श्रोतेहो, नमस्कार.

वर्तमानपत्राचा मथळा सकाळी घर हादरवतो आणि संध्याकाळी त्याच कागदात भडंग बांधून मिळतो. त्यामुळे त्याने वर्तवलेल्या संकटाचे पुढे काय झाले, हा हिशेब सहसा कोणी मागत नाही. आज तो मागू या, आणि ते मथळे खरे ठरले असते तर आपल्या कोल्हापुरात काय घडले असते, याचीही थोडी कल्पना करू या.

मे १९१० मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतून पृथ्वी जाणार होती, आणि त्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू असल्याचे शास्त्रज्ञांनी ओळखले होते. शेपटी इतकी विरळ असते की तिचा उपद्रव होणे शक्य नव्हते; परंतु मथळ्यात विष मावले, विरळपणा मावला नाही. अमेरिकेत धूमकेतूवरच्या गोळ्यासुद्धा विकल्या गेल्या. त्या काळी करवीर संस्थानात कुस्तीचे परम आश्रयदाते राजर्षी शाहू महाराज गादीवर होते. तो वायू खरोखरच आला असता, तर येथे गोळ्या खपल्या नसत्या. तालमीतालमींतून दम कोंडण्याची जंगी स्पर्धा लागली असती आणि शेवटी श्वास सोडणाऱ्याला चांदीची गदा मिळाली असती.

मात्र या सगळ्या मथळ्यांत मानाचे स्थान स्कायलॅबचे. १९७३ साली अमेरिकेने सोडलेली ही सुमारे ७७ टन वजनाची अंतराळ प्रयोगशाळा १९७४ नंतर रिकामीच फिरत होती. सूर्यावरील हालचाली अपेक्षेपेक्षा वाढल्या, त्यामुळे वातावरणाचे वरचे थर तापून फुगले, त्यांच्या घर्षणाने ती हळूहळू खाली येऊ लागली, आणि तिला वर ढकलू शकणारे स्पेस शटल तोवर तयार झाले नव्हते. ती नेमकी कोठे पडेल हे कोणालाच सांगता येईना, म्हणून ती प्रत्येकाच्याच कौलांवर पडणार होती. ‘उद्या राहतोय की नाही कोणास ठाऊक’ असे म्हणून कोंबड्या कापल्याच्या कथा अजूनही जुनी माणसे सांगतात. त्यांतल्या किती खऱ्या हे कोंबड्याच जाणोत.

समजा, तिचा एखादा तुकडा रंकाळ्यात पडला असता. पहिला प्रश्न तो कोणत्या पेठेच्या हद्दीत पडला हाच निघाला असता. शिवाजी पेठेने त्यावर हक्क सांगितला असता, मंगळवार पेठेने तो उडत येताना आमच्याच डोक्यावरून आला असे ठणकावले असते, आणि निकाल लागेपर्यंत काठावर भेळेच्या चार गाड्या वाढल्या असत्या. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात निम्म्या मंडळांनी स्कायलॅबचाच देखावा उभा केला असता, ही तर कल्पना म्हणण्याइतकीही दूरची गोष्ट नाही.

प्रत्यक्षात ११ जुलै १९७९ रोजी ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळली, आणि सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. तेथील एस्परन्स या गावाच्या स्थानिक प्रशासनाने मात्र कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. आकाश कोसळल्यावर पावतीपुस्तक काढणारी ही माणसे मला फार आपलीशी वाटतात.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पिऊ लागले. दिवस पितृपंधरवड्याचे होते, म्हणजे रीतीप्रमाणे पाळी कावळ्यांची होती. पण रांगा लागल्या त्या गणपतीच्या देवळांपुढे. पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध सोंडेकडे ओढले जाते आणि पातळ थराने मूर्तीवरून ओघळते, हे रंगीत दूध वापरून वैज्ञानिकांनी दाखवूनही दिले. तरीही ते पिणे खरे असते आणि कायमचे जडले असते, तर गंगावेशीत म्हशीची धार काढून समोर ग्लास देणाऱ्या गवळ्यांची केवढी पंचाईत झाली असती! रोजचे गिऱ्हाईक रांगेत ताटकळत राहिले असते, आणि देवाकडे उधारी मागायची कोणी, यावर कट्ट्याकट्ट्यांवर रात्री जागल्या असत्या. इतके करून कोल्हापूरकराने देवाला चमचाभरच दूध पाजले, हे मला आजही पटत नाही. येथे पाहुण्याला निदान तांब्या तरी पुढे करतात.

२००० सालच्या पहिल्या पहाटे जगभरचे संगणक कोलमडणार होते, त्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. दुरुस्तीची कामे वेळेत झाल्याने ते बहुतांशी शहाण्यासारखे वागले.

राहता राहिला २१ डिसेंबर २०१२. प्राचीन माया लोकांच्या कालगणनेतील एक मोठे आवर्तन त्या सुमारास पूर्ण होत होते, आणि आवर्तन संपले म्हणजे जगच संपले, असा अर्थ मथळे लिहिणाऱ्यांनी परस्पर लावला. तो दिवस शुक्रवार होता. त्यामुळे प्रलय अंबाबाईच्या पालखीआधी की नंतर, एवढीच चौकशी या शहराने केली असती, आणि आधी असल्यास तो शनिवारवर ढकलण्याची विनंती झाली असती. २०१३ ची कॅलेंडरे तोवर बाजारात आलेलीच होती, आणि ती घेणारा प्रत्येक जण पुढच्या वर्षी किती सुट्ट्या रविवारी वाया जातात, ते उभ्या उभ्या मोजत होता.