खंबाटकीत लुकलुकलेला पिवळा दिवा

[ओली काच, वायपरचा आवाज, डॅशबोर्ड जवळून]

आषाढातला पाऊस, खंबाटकी घाट, पुढे कंटेनर रांगत चाललेला, मागच्या सीटवर आई. गाडी सीएनजीवर, सेकंड गियर, आणि अचानक झटके मारायला लागली, पिकअपच गेला, आणि स्पीडोमीटरच्या बाजूचा तो इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

हा दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लागून राहिला तर गाडी सांभाळून घरी नेता येते, सावकाश बघता येतं. लुकलुकतोय म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन पेटतच नाहीये, ते तसंच्या तसं सायलेन्सरकडे चाललंय, आणि वाटेत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो ना, तिथे जाऊन जळतंय. त्या कन्व्हर्टरच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो. ती जाळी वितळली की हजारात भागत नाही. म्हणून दिवा लुकलुकला की पहिलं काम रेस कमी करायची, आणि जागा मिळाली की थांबायचं.

मी बाजूला घेतली, पेट्रोलवर टाकली, आणि आश्चर्य म्हणजे झटके जवळजवळ गेले. हळूहळू चढवून वाईजवळ मामाच्या गावी पोचलो. पेट्रोलवर बरी चालते आणि सीएनजीवर घाटात लंगडते, ही तेव्हा मला नुसती सुटका वाटली होती, पण खरं उत्तर तिथेच होतं.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. पंधरा दिवसांपूर्वी हाच दिवा लागला होता. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर न लावता बॅटरीचं टर्मिनल काढलं, दोन मिनिटांनी परत लावलं, दिवा गेला. म्हणे सेन्सरची नाटकं आहेत, परत लागला तर सेन्सर बदलू. मला याचा आजही राग येतो. कारण दिवा लागतो तेव्हा गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, त्या क्षणाची नोंद करून ठेवतो, आरपीएम किती, इंजिनवर लोड किती, पाणी किती गरम, स्पीड किती, याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. टर्मिनल काढलं की बहुतेक गाड्यांमध्ये ते सगळं पुसलं जातं. चोरी झालेल्या घरात पोलीस यायच्या आधी केर काढून लादी पुसून घ्यावी, तसं झालं हे.

[मामाचं अंगण, बोनेट उघडं, स्टिअरिंगखालचा सॉकेट]

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. यात लावायचा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आत मिळतो, मोबाईलवर अॅप टाकायचं की झालं. (काम झालं की काढून ठेवा, त्या सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, आठवडाभर लावून ठेवलात तर बॅटरी उतरू शकते.)

हा सॉकेट आला कुठून ते ऐकण्यासारखं आहे. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये असं धुरकं पडायचं की लोकांचे डोळे चुरचुरायचे. तिथे आरी हागेन-स्मिट नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते, मूळचे डच, अननसाचा वास कशामुळे येतो यावर काम करणारे. त्यांनी ते धुरकं तपासायला घेतलं आणि दाखवून दिलं की गाड्यांचा धूर आणि तेलाची वाफ यांच्यावर ऊन पडून ते तयार होतंय. पुढे कॅलिफोर्नियाचं हवा मंडळ निघालं, त्याचे पहिले अध्यक्ष तेच. आणि त्या मंडळाच्या नियमांमधून हा दिवा आला. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या कारना ओबीडी-२ सक्तीचं झालं, म्हणजे गाडीने आपला बिघाड आपणच ओळखायचा, दिवा लावायचा आणि या सॉकेटवर सांगायचा, आपल्याकडे २०१० ला पहिला टप्पा आणि २०१३ ला दुसरा. म्हणजे हा दिवा मुळात धुरासाठी आहे. इंजिन बंद पडणार का हे तो सांगत नाही, मागून जे बाहेर पडतंय ते बिघडलंय हे सांगतो.

तर स्कॅनरने बिघाडाचे कोड वाचले. पी०३०२, आणि त्याच्या शेजारी पी०१७१, पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला. पहिल्याचा अर्थ दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतोय, मधूनमधून पेटत नाहीये. दुसऱ्याचा अर्थ मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. आणि इथेच लोक धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलून मोकळे होतात. पण विचार करा, सिलिंडर पेटलाच नाही तर त्यातला ऑक्सिजन वापरला जाणार कसा? तो तसाच बाहेर येणार, सेन्सरला दिसणार, आणि सेन्सर सांगणार की ऑक्सिजन जास्त आहे. बरोबरच सांगत होता बिचारा. साक्षीदारालाच फाशी द्यायची तयारी चालली होती.

फ्रीझ फ्रेममध्ये लोड ८८ टक्के, आरपीएम २१००. घाटच.

मामा आयुष्यभर ट्रक-ट्रॅक्टर दुरुस्त करत आलेले. मोबाईल बघून म्हणाले, "हे बरंय की रं, कुठला लंगडतोय ते बसल्या जागी कळतंय. पण याला कळतं कसं?" क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाक असतं, सेन्सर त्याचे दाते मोजतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की चाकाला एक धक्का बसतो, एखादा धक्का चुकला की चाक तेवढ्यापुरतं किंचित मंदावतं. नाडी बघण्यासारखंच आहे ते.

आता दोन नंबरमध्ये चुकतंय काय, ठिणगी पाडणारा प्लग, त्याला व्होल्टेज देणारी कॉइल, इंधन फवारणारा इंजेक्टर की आणखी काही? नवा पार्ट न आणता हे शोधायची एक युक्ती आहे, अदलाबदल. इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, आधी सगळ्या कोडचा फोटो काढला, दहाच्या पान्याने एक आणि दोन नंबरच्या कॉइल काढल्या आणि एकमेकांच्या जागी बसवल्या. बाकी कशालाच हात लावला नाही. हे महत्त्वाचं आहे, एका वेळी एकच गोष्ट हलवायची. मग कोड उडवले. (जुन्या गाडीत इंजिन चालू ठेवून प्लगची वायर खेचून बघायचे, मामांना तीच सवय, पण कॉइलवाल्या गाडीत तसं करू नका, जबरदस्त शॉक बसतो.)

अंगणात उभ्या गाडीला काहीच झालं नाही, होणारही नव्हतं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, आणि चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो तेव्हा आणखी जास्त. कॉइल थोडी जरी कमजोर असेल तर ती आधी तिथेच उघडी पडते. म्हणून पसरणीच्या घाटाला गेलो. सीएनजीवर, सेकंड गियर. तिसऱ्या वळणानंतर झटका, दिवा, पाय लगेच उचलला. कोड वाचला.

पी०३०१.

कॉइल जिकडे गेली, दोष तिकडे गेला.

[रबरी टोपी हातात, उजेडात वळवून]

परत येऊन ती कॉइल काढली तर खालच्या रबरी टोपीला केसाएवढी चीर आणि तिच्या कडेने राखेसारखा पांढरा डाग. ठिणगी प्लगपर्यंत जाण्याऐवजी चिरेतून इंजिनच्या लोखंडात उतरत होती, पावसाच्या ओलीत जास्तच. वाईतून नवी कॉइल आणली, तिन्ही प्लगही आणले, कारण सीएनजीवर ४० हजार किलोमीटर झाले होते आणि प्लगची गॅप वाढली की कॉइलवरच ताण येतो. प्लग आधी हातानेच फिरवत बसवायचे, आटे नीट धरले की मगच पाना, नाहीतर हेडचे आटे गेले म्हणजे मोठं काम निघतं.

संध्याकाळी परत पसरणी. या वेळी मामा शेजारी, मोबाईल त्यांच्या हातात, स्क्रीनवर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा आकडा, म्हणजे ईसीयूला इंधन किती टक्के कमी-जास्त करावं लागतंय ते, शून्याच्या जवळ असेल तेवढं चांगलं. कोड उडवल्यामुळे शून्यापासून सुरू झालेला, चढभर दोन-तीनच्या आसपास हलत राहिला. पाचगणीच्या अलीकडे मी थांबलो, गाडी बंद केली, परत चावी फिरवली. दिवा लागला, लागायलाच हवा, बल्ब जिवंत आहे याची ती खूण. सेकंडहँड गाडी घेताना हे बघाच, चावी फिरवल्यावर लागलाच नाही तर तो कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो.

स्टार्ट मारला. दिवा गेला.

मामा मोबाईलकडेच बघत होते. "दोन नंबर?" "पेटतोय मामा." "एक?" "तोही." "तीन?" तीनचं कोणी काहीच बोललं नव्हतं दोन दिवस, पण त्यांनी विचारलं, आणि मी बघून सांगितलं.